वेगवर्धित अभ्यासक्रम आणि सखोल अध्ययन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या अखेरीस वेगवर्धित पदवी कार्यक्रमाच्या कार्यपद्धतीस मान्यता दिली आणि २०२५ च्या विनियमांत या तरतुदीचा समावेश झाला. तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत, तर चार वर्षांची पदवी सहा किंवा सात सत्रांत पूर्ण करण्याची मुभा त्यातून मिळते. २०२४ च्या कार्यपद्धतीनुसार मंजूर प्रवेशसंख्येच्या दहा टक्क्यांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना, पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस समितीने पारख केल्यानंतर, हा मार्ग खुला होतो. अभ्यासक्रम तोच, एकूण श्रेयांक तेच, पदवीही तीच; घटतो तो केवळ काळ.

महाविद्यालयीन पातळीवर या तरतुदीकडे प्रामुख्याने प्रशासकीय प्रश्न म्हणून पाहिले जाते. जादा विषयांचे वेळापत्रक कसे बसवावे, श्रेयांकांची नोंद कशी करावी, निकालपत्र केव्हा द्यावे, हे प्रश्न खरे आहेत; पण ते दुय्यम आहेत. मूळ प्रश्न अध्यापनशास्त्रीय आहे : काळ कमी केल्यावर विद्यार्थ्याच्या आकलनाचे काय होते? तो उथळपणे अधिक शिकतो, की सखोलपणे तेवढेच शिकतो?

या प्रश्नाला एक आर्थिक बाजूही आहे आणि ती नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एक सत्र वाचणे म्हणजे सहा महिन्यांचे खोलीभाडे आणि खानावळीचा खर्च वाचणे. ज्या घरात मुलाच्या किंवा मुलीच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते, त्या घरासाठी ही क्षुल्लक बाब नव्हे. तेव्हा ‘एवढी घाई कशाला?’ असा सुखवस्तू सल्ला देऊन हा विषय निकालात काढता येत नाही. प्रस्तुत लेखात वेगवर्धित अभ्यासक्रमांचा परदेशातील एक दीर्घ प्रयोग, त्यासंबंधीचे संशोधन आणि आपली श्रेयांकव्यवस्था यांचा चिकित्सक परामर्श घेतला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, वेग आणि खोली यांच्यात मूलतः वैर नाही. परंतु ज्या प्रकारचा वेग सखोल अध्ययनास पोषक ठरतो, नेमका तोच आपल्या तरतुदीत नाही.

‘वेग’ या संज्ञेतील घोळ

‘वेगवर्धित’ या एकाच विशेषणाखाली किमान तीन भिन्न गोष्टी वावरताना दिसतात. पहिलीत अध्यापनाचे तास तेवढेच राहतात, पण ते थोड्या दिवसांत एकवटले जातात. यास सघन अभ्यासक्रम म्हणणे योग्य होईल. दुसरीत तासच कमी केले जातात. अमेरिकेत नोकरदार प्रौढांसाठी अशा वर्गांचा मोठा प्रसार झाला. डेन्व्हर येथील रेजिस विद्यापीठात या प्रकाराचा दीर्घकाळ अभ्यास करणारे रेमंड व्लॉडकोव्स्की वेगवर्धित अभ्यासक्रमाची ओळखच ‘नेहमीच्या निम्म्याच्या आसपास तासांत शिकविलेला अभ्यासक्रम’ अशी करून देतात. तिसरीत प्रत्येक अभ्यासक्रमाचा काळ व तास कायम राहतात, मात्र एकाच वेळी घेतलेल्या अभ्यासक्रमांची संख्या वाढते.

पहिला प्रकार एकवटण्याचा आहे, दुसरा कापण्याचा आणि तिसरा रचत जाण्याचा. आयोगाचा कार्यक्रम तिसऱ्या प्रकारात मोडतो. येथे साधे गणित करून पाहावे. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक आणि सत्राला २० श्रेयांक धरले, तर पहिल्या सत्रानंतर वेगाचा मार्ग स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेले १०० श्रेयांक चार सत्रांत, म्हणजे प्रत्येकी २५ याप्रमाणे मिळवावे लागतील. दुसऱ्या सत्रानंतर स्वीकारला, तर तीन सत्रांत ८०, म्हणजे जवळजवळ २७. चार वर्षांची १६० श्रेयांकांची पदवी सहा सत्रांत उरकायची, तर पहिल्या सत्रानंतर दर सत्राला २८ श्रेयांक होतात. एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला एक व्याख्यान-तासिका, प्रात्यक्षिकाला दुप्पट. म्हणजे आठवड्याला किमान २८ तास वर्गात, आणि प्रात्यक्षिके असतील तर त्याहून अधिक. वाचनालयात बसण्याचा वेळ या हिशेबात कोठेच धरलेला नाही.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार रचलेल्या आराखड्यात प्रथम वर्षाचा विद्यार्थी एका सत्रात मुख्य विषय, खुला वैकल्पिक, व्यावसायिक कौशल्य, क्षमतावृद्धी, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम अशा सात-आठ शीर्षकांखाली शिकत असतो आणि त्यांतील बरेच अभ्यासक्रम दोन-दोन श्रेयांकांचे असतात. पुढील वर्षांत शीर्षके बदलतात, विभागणी बदलत नाही. या आधीच तुकडे झालेल्या आठवड्यात आणखी दोन-तीन तुकडे घालणे, एवढाच आपल्याकडील वेगाचा अर्थ होतो.

कोलोरॅडो महाविद्यालयाचा प्रयोग

एकवटण्याच्या प्रकाराचे सर्वाधिक काळ टिकलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील कोलोरॅडो महाविद्यालयाची ‘ब्लॉक’ पद्धती. १८७४ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाची शताब्दी जवळ येत असताना, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, राज्यशास्त्राचे प्राध्यापक ग्लेन ब्रूक्स यांच्याकडे पुढील वाटचालीच्या नियोजनाचे काम सोपविण्यात आले. अध्यापकांच्या तक्रारी त्यांनी ऐकल्या. त्यांचा सूर असा की, विद्यार्थ्याचे लक्ष चार-पाच विषयांत वाटले गेल्याने कोणालाच ते पुरते मिळत नाही. १९६९ मध्ये अध्यापकवर्गाने नव्या योजनेच्या बाजूने कौल दिला आणि १९७० पासून ती अमलात आली. आयोवा राज्यातील कॉर्नेल महाविद्यालयाने १९७८ मध्ये याच धर्तीवर ‘एका वेळी एक अभ्यासक्रम’ ही पद्धत स्वीकारली. दोन्ही ठिकाणी ती आजतागायत चालू आहे.

योजना सांगायला सोपी आहे. विद्यार्थी एका वेळी एकच अभ्यासक्रम शिकतो आणि अध्यापकही एका वेळी एकच अभ्यासक्रम शिकवितो. एक ब्लॉक साडेतीन आठवड्यांचा, अध्यापनाचे दिवस १८. वर्ग बहुधा सकाळी नऊ ते बारा. एका अध्यापकामागे विद्यार्थ्यांची मर्यादा २५. त्यानंतर काही दिवसांची सुटी आणि मग पुढचा विषय.

येथे १८ हा आकडा आपल्याकडील अध्यापकांना ओळखीचा वाटेल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. त्यांच्या पूर्वीच्या नियमावलीनुसार रिफ्रेशर कोर्स तीन आठवड्यांचा असे : कामाचे दिवस १८, दररोज सहा तास, एकूण १०८ तास. पुढे हा काळ दोन आठवड्यांवर आला. म्हणजे सघन अभ्यासक्रम ही आपल्याला परकी कल्पना नाही. महाराष्ट्रातील अध्यापकांच्या एका संपूर्ण पिढीने तो विद्यार्थी म्हणून अनुभवलेला आहे, आणि पदोन्नतीसाठी का होईना, हौसेने किंवा नाइलाजाने पूर्ण केलेला आहे.

दोहोंची तुलना उद्बोधक आहे. दिवस तेवढेच, पण कोलोरॅडोत वर्गाचे तास ढोबळमानाने पन्नास-पंचावन्न, रिफ्रेशरमध्ये १०८. तास दुप्पट म्हणून अध्ययनही दुप्पट सखोल, असे म्हणण्याचे धाडस रिफ्रेशर केलेला कोणीही अध्यापक करणार नाही. रिफ्रेशरमध्ये दिवसाच्या चार सत्रांत चार साधनव्यक्ती येतात. सकाळच्या वक्त्याने काय मांडले हे दुपारच्या वक्त्याला ठाऊक नसते. कालच्या चर्चेत कोणाची कोठे गफलत झाली हे आज कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे प्रत्येक व्याख्यान प्रास्ताविकापासून सुरू होते आणि बहुधा प्रास्ताविकातच संपते. संध्याकाळी सहभागी अध्यापक थकलेला असतो. वाचनासाठी वेळ उरत नाही आणि वाचले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी विचारतही नाही. कोलोरॅडोत याउलट एकच अध्यापक अठराही दिवस समोर असतो आणि बारा वाजल्यानंतरची दुपार रिकामी असते. ती दुपार म्हणजे सुटी नव्हे. उद्याच्या वर्गासाठी शंभरएक पाने वाचायची, प्रयोगशाळेत जायचे, कालच्या निबंधावरील शेरे पाहून तो पुन्हा लिहायचा, यासाठी ती राखून ठेवलेली असते. वेगवर्धित अभ्यासक्रमाची खरी रचना वर्गाच्या तासांत नसून दोन वर्गांमधील या मोकळ्या जागेत असते, हे या तुलनेतून स्पष्ट व्हावे.

दुसरी गोष्ट चूक आणि दुरुस्ती यांमधील अंतराची. आपल्या सत्रपद्धतीत सोमवारी झालेली गफलत गुरुवारच्या तासिकेत लक्षात आली तर ते नशीब. मध्ये गणपती किंवा दिवाळी आली की ती पंधरवडा तशीच राहते, आणि बहुतेक वेळा थेट उत्तरपत्रिकेतच उघड होते. तेथे ती दुरुस्त करणारा कोणी नसतो, फक्त गुण कापणारा असतो. दररोज तीन तास भेटणाऱ्या वर्गात हेच अंतर एका रात्रीचे होते. काल सायंकाळी विद्यार्थ्याने काय चुकीचे समजून घेतले ते अध्यापकाला आज सकाळी कळते आणि उद्याचा वर्ग त्यानुसार बदलता येतो. सघन अभ्यासक्रमाच्या बाजूने जे काही म्हणता येईल त्यातील सर्वांत बळकट मुद्दा माझ्या मते हाच आहे.

‘ही श्रीमंतांच्या खासगी महाविद्यालयाची चैन आहे’ असा आक्षेप येथे येईल आणि तो निराधार नाही. तथापि मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रथम वर्षासाठी चार आठवड्यांच्या ब्लॉकची पद्धत सुरू केली आणि नंतर ती पुढील वर्षांना लागू केली. तेथील विद्यार्थ्यांत घराण्यात प्रथमच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. मोठी व्याख्याने बंद करून लहान गटांच्या कार्यशाळा घेण्यात आल्या आणि उत्तीर्णतेचे प्रमाण सुधारल्याचे विद्यापीठाने नोंदविले. आक्षेपाला याने पूर्ण उत्तर मिळत नाही, पण तो सौम्य होतो.

सखोलतेची कसोटी

‘सखोल’ हा शब्द शैक्षणिक दस्तऐवजांत इतका सैल वापरला जातो की त्याचा मूळ अर्थ सांगणे आवश्यक वाटते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात फेरेन्स मार्टन आणि रॉजर साल्यो यांनी विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला देऊन नंतर त्यांच्याशी संवाद साधला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांतून असे पुढे आले की, काही विद्यार्थी लेखातील वाक्ये लक्षात ठेवण्याच्या मागे होते, तर काही लेखकाला काय म्हणायचे आहे त्याच्या मागे. पहिल्या वृत्तीला त्यांनी पृष्ठस्तरीय आणि दुसरीला सखोल म्हटले. हे बुद्धिमत्तेचे वर्गीकरण नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. तोच विद्यार्थी एका प्रसंगी उथळपणे आणि दुसऱ्या प्रसंगी सखोलपणे शिकू शकतो. पुढे काय विचारले जाईल याविषयीचा त्याचा अंदाज त्याची वृत्ती ठरवितो. गाईडवर पोसलेल्या परीक्षापद्धतीत वावरणाऱ्यांना हे समजून घेण्यासाठी स्वीडनला जाण्याची गरज नव्हती, पण त्यांनी ते प्रयोगाने दाखविले.

त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा निबंध अभ्यासक्रमाची रचना करणाऱ्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचावा असा आहे. विद्यार्थ्यांना सखोल वाचनाकडे वळविण्यासाठी मजकुराच्या मध्ये विचारप्रवर्तक प्रश्न पेरण्यात आले. परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. काही विद्यार्थ्यांनी त्या प्रश्नांची उत्तरे सांगता येतील एवढ्याच बेताने मजकूर चाळला. प्रश्नांचे एक तंत्र झाले आणि मजकूर मागे पडला. आपल्याकडील अंतर्गत मूल्यमापनाचा इतिहास याहून वेगळा नाही. स्वाध्याय आला आणि त्याच्या झेरॉक्स प्रती आल्या. प्रकल्प आला आणि प्रकल्प बांधून देणारी दुकाने आली. वेगवर्धित अभ्यासक्रमांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत दैनंदिनी, चिंतनलेखन, गटचर्चा यांच्या याद्या हमखास आढळतात. या साधनांनी खोली आपोआप येते ही त्यांतील भाबडी समजूत १९७६ मध्येच मोडीत निघालेली आहे.

याला जोडून पॉल रॅम्सडेन आणि नोएल एन्टविसल यांच्या १९८१ च्या अभ्यासाचा उल्लेख करावा लागेल. ब्रिटनमधील अनेक विभागांतील विद्यार्थ्यांच्या प्रतिसादांवरून त्यांना आढळले की, जेथे अभ्यासाचा भार अवजड वाटतो आणि शिकण्याचे स्वातंत्र्य नाही तेथे पृष्ठस्तरीय वृत्ती बळावते. आयोगाच्या कार्यक्रमातील २५ ते २८ श्रेयांकांचे सत्र या कसोटीवर घासून पाहावे. समितीने निवडलेली दहा टक्के मुले ही वर्गातील सर्वांत हुशार मुले असणार; म्हणजे ज्यांना सखोल शिकण्याची कुवत आहे त्यांनाच आपण उथळ शिकण्यास भाग पाडणाऱ्या परिस्थितीत लोटणार. ती उत्तीर्ण होतीलच, कदाचित उत्तम गुणांनीही. प्रश्न तो नाही.

संशोधनाच्या मर्यादा

सघन अभ्यासक्रमांचे समर्थक पुराव्यादाखल जे संशोधन पुढे करतात त्याचीही चिकित्सा आवश्यक आहे. पॅट्रिशिया स्कॉट आणि क्लिफ्टन कॉनराड यांनी १९९२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन, सघन अभ्यासक्रमांची फलिते नेहमीच्या अभ्यासक्रमांच्या तोडीची आणि काही वेळा सरस असल्याचे दाखविले. आयलीन डॅनियल यांच्या २००० च्या आढाव्याचा सूरही तसाच आहे. परंतु ही फलिते बहुतांशी अभ्यासक्रम संपतेवेळच्या परीक्षेवर व श्रेणींवर मोजलेली आहेत, आणि सघन वर्ग विद्यार्थ्यांनी स्वतः निवडलेले असतात. उत्साही विद्यार्थ्यांची ताज्या स्मरणावर घेतलेली परीक्षा, असे या पुराव्याचे स्वरूप अनेकदा असते.

ताजे स्मरण फसवे असते. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला तेव्हापासून हे ज्ञात आहे की, एका बैठकीत घोकलेले झपाट्याने विसरते आणि तेवढाच वेळ अंतराअंतराने दिला तर दीर्घकाळ टिकते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवडाभरानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. सघन अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दिवशी परीक्षा घेणे म्हणजे पाच मिनिटांनंतरची चाचणी घेऊन आठवड्यानंतरचा निष्कर्ष काढणे होय. गणित आणि भाषा या विषयांत ही अडचण तीव्र होते. कोलोरॅडोतही काही अभ्यासक्रम दोन सलग ब्लॉकचे ठेवावे लागले आणि भाषांसाठी अनेक ब्लॉकभर चालणारे लहान पूरक वर्ग द्यावे लागले, यातच या मर्यादेची कबुली आहे.

स्कॉट यांचे २००३ चे संशोधन वेगळ्या जातीचे आणि माझ्या मते अधिक मोलाचे आहे. गुणांची तुलना न करता त्यांनी विद्यार्थ्यांनाच विचारले की, उत्तम सघन अभ्यासक्रम कशामुळे उत्तम ठरतो. अध्यापकाचे गुणविशेष, अध्यापनपद्धती, वर्गातील वातावरण आणि मूल्यमापन अशा चार वर्गांत उत्तरे विभागली गेली. यांत सघन अभ्यासक्रमालाच लागू पडेल असे काय आहे, असे कोणी विचारील. कारण उत्साही अध्यापक आणि न्याय्य परीक्षा कोणाला नको आहेत? त्यांच्या मांडणीचे मर्म पुढे आहे. हे गुण असतील तर विद्यार्थ्यांना सघन अभ्यासक्रम नेहमीच्याहून अधिक हवासा वाटतो. नसतील तर तोच कंटाळवाणा आणि क्लेशकारक होतो. म्हणजे सघनता हे स्वतः औषध नाही. ती भिंग आहे. पन्नास मिनिटांचे निकृष्ट व्याख्यान विद्यार्थी सोसतो, कारण घंटा होणार असते. तीन तासांचे निकृष्ट व्याख्यान सोसवत नाही.

तासिका, वेतन आणि अधिकार

वेळेचे तुकडे करून ज्ञान मोजण्याची पद्धत कोठून आली, हे पाहणे येथे अप्रस्तुत ठरणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी कार्नेगी प्रतिष्ठान स्थापन झाले. निवृत्तिवेतनास पात्र महाविद्यालय कोणते हे ठरविण्यासाठी मोजमाप हवे होते; त्यातून शालेय विषयासाठी १२० तासांचे एकक रूढ झाले. १९१० मध्ये याच प्रतिष्ठानसाठी मॉरिस कुक या अभियंत्याने महाविद्यालयीन कार्यक्षमतेवर अहवाल लिहिला. कारखान्यातील कामाचे शास्त्रशुद्ध मोजमाप करणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांचा तो सहकारी होता, आणि ‘विद्यार्थी-तास’ हे एकक त्याने महाविद्यालयांसाठी सुचविले. आजचा श्रेयांक या घराण्यातला आहे. शिकणे किती झाले हे मोजण्यासाठी तो जन्मलाच नव्हता. काम किती झाले हे मोजण्यासाठी जन्मला.

आपल्याकडे हे एकक केवळ विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत नाही, अध्यापकाच्या पोटातही आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांची संख्या मोठी आहे. त्यांचे मानधन तासिकेवर ठरते. त्यांपैकी अनेक जण दोन-तीन महाविद्यालयांत तासिका जुळवून, मधला वेळ एसटीत किंवा दुचाकीवर घालवून महिना उभा करतात. अशा अध्यापकाला ‘अठरा दिवस फक्त एकाच वर्गाचे हो’ असे सांगणे म्हणजे उरलेल्या दोन महाविद्यालयांवर पाणी सोड असे सांगणे होय. कोलोरॅडोतील रिकामी दुपार तेथे विद्यार्थ्याच्या निबंधावर शेरे लिहिण्यात जाते आणि तिचे वेतन अध्यापकाला मिळते. आपल्याकडे रिकाम्या दुपारीला मानधन नाही. सखोल अध्ययनाच्या चर्चेत हा मुद्दा सहसा पादटीपेतही येत नाही. वस्तुतः तो पहिल्या परिच्छेदात यावयास हवा.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. सघन अभ्यासक्रमात आशय कापावा लागतो. चार घटकांऐवजी दोनच घटक, पण ते तळापर्यंत न्यायचे, हा निर्णय घेतल्याशिवाय खोली येत नाही. जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या सुसंगत रचनेच्या तत्त्वानुसार उद्दिष्ट, अध्यापन आणि मूल्यमापन ही तिन्ही एकाच दिशेची असावी लागतात. संलग्न महाविद्यालयात उद्दिष्टे अभ्यासमंडळ ठरविते, शिकवितो अध्यापक आणि सत्रान्त प्रश्नपत्रिका काढणारा तिसराच असतो. प्रत्येक घटकावर समान गुणांचा प्रश्न येणार असेल, तर दोन घटक सोडून देणारा अध्यापक विद्यार्थ्यांचा शत्रू ठरतो. स्वायत्त महाविद्यालयांना ही सबब नाही. त्यांच्याकडे अधिकार आहे. तो बहुतेकदा विद्यापीठाचाच आराखडा किरकोळ फेरफारांनी पुन्हा छापण्यात खर्ची पडतो, असे खेदाने म्हणावे लागते.

एक पर्यायी रचना

स्वायत्त महाविद्यालयातील भूगोल किंवा भूशास्त्र विभागाने दोन श्रेयांकांचा ‘गावाचा पाणी-ताळेबंद’ असा अभ्यासक्रम योजिला आहे, असे समजू. एक श्रेयांक तात्त्विक, एक प्रात्यक्षिक. म्हणजे १५ आणि ३० मिळून ४५ तास. नेहमीच्या पद्धतीने हे तास पंधरा आठवड्यांत विखुरले जातील आणि तासिकेच्या वेळेत महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर जाऊन परत येणेही जमणार नाही. त्याऐवजी दुसऱ्या सत्राच्या आरंभी, जानेवारीत, सलग बारा दिवस दररोज तीन तास द्यावेत. हे ३६ तास झाले. उरलेले नऊ तास मार्चअखेरच्या तीन दिवसांसाठी राखावेत.

पहिल्या दोन दिवसांतच विद्यार्थ्यांची एक ठाम समजूत उघडी पडेल : विहिरीत पाणी असते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी विहिरीत नसते. ते झिजलेल्या आणि भेगाळलेल्या खडकात असते आणि विहीर ही त्या साठ्यात डोकावण्याची खिडकी असते. शेजाऱ्याची बोअर आणि आपली विहीर एकाच साठ्यातून पाणी घेत असतील, तर ‘माझे पाणी’ या शब्दप्रयोगाला अर्थ राहत नाही. ही व्याख्या पाठ करणे दहा मिनिटांचे काम आहे. सकाळी टेप घेऊन पंधरा विहिरींची पातळी मोजणे, दुपारी त्या नकाशावर मांडणे आणि दुसऱ्या दिवशी आकडे का जुळत नाहीत यावर वाद घालणे, यातून ती आकलनाचा भाग होते. बारा दिवसांत हे चक्र आठ-दहा वेळा फिरू शकते. पावसाचे मोजमाप, पिकांची पाण्याची गरज, पंपांचे तास या बाबी त्या वादाच्या ओघात याव्यात. स्वतंत्र घटक म्हणून नव्हेत.

बाराव्या दिवशी परीक्षा घेऊ नये. त्या दिवशी प्रत्येक गटाने मार्चअखेर कोणत्या विहिरीची पातळी किती खाली गेलेली असेल याचा अंदाज कारणांसह लिहून विभागाकडे द्यावा. मधले दोन-अडीच महिने विद्यार्थी आपले इतर विषय शिकतील, हे सगळे थोडेफार विसरतील, विसरावेच. मार्चअखेर त्याच विहिरींवर परत जाऊन पातळी मोजावी आणि अंदाज का चुकला याचे स्पष्टीकरण पुस्तक न पाहता लिहावे. गुण अंदाज बरोबर आल्याचे नव्हेत, स्पष्टीकरणाचे. अंदाज बरोबर आला पण कारण सांगता आले नाही, तर त्याचे मोल कमी. अंदाज चुकला पण शेजारच्या शिवारात नवी बोअर झाल्याने पातळी अधिक उतरली हे शोधून दाखविले, तर त्याचे मोल अधिक. एबिंगहाउस यांचा आक्षेप येथे टाळलेला नाही, तो रचनेत घेतला आहे. झेरॉक्सची सोयही राहत नाही, कारण त्या विहिरीची मार्चमधील पातळी कोणत्याही दुकानात मिळत नाही.

बारा दिवस इतर विभाग मोकळे कसे करतील, ही पहिली हरकत असेल. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर आपली महाविद्यालये दरवर्षी घेतात आणि त्या काळात शिबिरार्थींच्या तासिका बुडतात हे सर्वांनी मान्य केलेले आहे. श्रमदानासाठी मोकळे होणारे दिवसपत्रक अध्ययनासाठी होत नाही, याचे कारण दिवसपत्रकात नाही. प्रत्येक विभागाने आपापल्या पाळीने एक सघन अभ्यासक्रम घेतला, तर देवाणघेवाण समान राहील. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मात्र दुपारच्या तपासणीचे तास मानधनात धरून दिल्याशिवाय या कामावर नेमू नये.

पहिल्या सत्रात ही रचना जशीच्या तशी बसत नाही. जुलैत मोजलेली पातळी पावसाळाभर चढत राहते आणि तिचा खरा हिशेब ऑक्टोबरनंतरच लागतो. अंतर्गत गुण मात्र त्याआधीच मागितले जातात. तेथे परतीचे तीन दिवस पुढील सत्रात न्यावे लागतील, आणि एका सत्राच्या अभ्यासक्रमाचे गुण दुसऱ्या सत्रात नोंदविण्याची सोय परीक्षा विभागाकडे लेखी मागावी लागेल.